बसलंय

१

आमच्या कॉलेजची जुनी इमारत बघायला लोक लांबून येतात. काळा दगड, कमानी, खिडक्यांना रंगीत काचा. लग्न ठरलेली जोडपी पोर्चमध्ये उभी राहून फोटो काढून घेतात आणि आम्ही त्यांच्या मधून वाट काढत वर्गात जातो. आत गेल्यावर ही इमारत माणसाशी कशी वागते, हे त्यांना माहीत नसतं. दार ढकलावं तर ते उलटं ढकलतं. सागवानी जिना पाऊल पडलं की करकरतो आणि कुणाचंही पाऊल त्यानं आजवर गुपचूप वर जाऊ दिलेलं नाही. तीन वर्षं काढली तरी आपण इथं नकोसे पाहुणे आहोत असंच वाटत राहतं.

वरच्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका आहे. अरुंद आणि लांबच लांब, म्हणून सगळ्या तिला लांबडी म्हणतात. तिथले बाक इमारतीच्याच वयाचे, दोघींना एक. बसायची फळी अखंड, पण मधल्या पायावरचे खिळे ढिले झालेत. त्यामुळे एक बसली की तिची बाजू खाली जाते आणि दुसरी येऊन बसली की पहिली बोटभर वर उचलली जाते. सवय झाली की वर न बघताच कळतं, शेजारीण आली.

परीक्षा जवळ आली की लांबडीत मुंगीला शिरायला वाव नसतो. म्हणून एक पद्धत पडलीय. उठून जाताना आपल्या जागेवर काहीतरी ठेवायचं, रुमाल, बाटली, काहीही. पण नुसत्या वस्तूला कुणी जुमानत नाही, ती उचलून खिडकीत ठेवतात आणि बसतात. शेजारणीला सांगून जावं लागतं. मग कुणी येऊन विचारलं, "हितं कोण हाय?" की शेजारणीनं मान वर न करता म्हणायचं, "बसलंय."

"येणाराय" म्हणून चालत नाही. कोल्हापुरात येणाराय म्हटलं की समोरची म्हणते, येईपर्यंत टेकते की. आणि एकदा टेकलेली उठत नाही. म्हणून बसलंय. समोर मोकळी फळी असते, विचारणारीला ती दिसते, सांगणारीलाही दिसते, तरी शब्द मानला जातो. मला ही पद्धत फार आवडायची. खोटं बोलून कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, इतकं स्वस्त पुण्य दुसरीकडे कुठं मिळतं?

२

माझी शेजारीण तमन्ना. आजऱ्याची. राजारामपुरीत एका घराच्या माडीवर आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो. ती कोंबडीच्या रश्श्याचं वर्णन करायला लागली की मी कानांवर हात ठेवते आणि मी आमच्या घरातल्या उपासांबद्दल बोलायला लागले की ती जांभया देते. बाकी आमचं उत्तम चाललेलं होतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि तिच्या अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. घरात हाताखाली माणूस हवं, तिला जावंच लागलं. तिच्या डोक्यावर आधीच एक टांगती तलवार होती. अब्बांनी बजावलं होतं, पहिला वर्ग आला तर एमएस्सी कर, नाहीतर चुलत्याच्या काजू कारखान्यात बस. खोलीवर अभ्यास होणं शक्य नव्हतं, खालीच क्लास आहे आणि दिवसभर पोरांचा कालवा चालतो. लांबडीतली जागा गेली असती तर ऐन परीक्षेत तिला ती परत मिळाली नसती. जागा गेली की वर्ष गेलं, इतकं ते सरळ होतं.

जाताना तिनं गाडीवर तोंडाला बांधायचा हिरवा स्कार्फ घडी करून फळीवर ठेवला.

"जागा जाऊ दिऊ नको हं, आदे."

"न्हाय जाऊ देत. तू जा निवांत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून चंदना फेऱ्या मारायला लागली. चंदना आमच्या जयसिंगपूरकडची, नात्यानं लांबची आणि स्वभावानं त्याहून लांबची.

"हितं कोण हाय?"

"बसलंय."

"कवाधरनं बसलंय? मला दिसाय न्हाय ते?"

"तुला दिसाय न्हाय त्याला मी काय करू?"

बाकीच्या मुली खुसखुसल्या. मला मजा आली. मग जी येईल तिला मी तेच सांगत राहिले, सकाळी, दुपारी, पाणी पिऊन आल्यावर, जेवून आल्यावर. बसलंय. बसलंय. तोंडाला त्याची इतकी सवय झाली की कुणी नुसतं समोर उभं राहिलं तरी मी म्हणायचे, बसलंय.

३

एका दुपारी लांबडी पेंगत होती. पंखे गरम हवाच ढवळत होते. मी मान खाली घालून आकृती काढत होते आणि माझी बाजू बोटभर वर उचलली गेली.

"आलीस?" मी म्हणाले आणि तिला जागा व्हावी म्हणून माझं पुस्तक अलीकडे ओढलं. ओढता ओढता आठवलं की तमन्ना आजऱ्यात आहे.

शेजारी स्कार्फ होता. दुसरं काही नव्हतं. माझ्या टाचा जमिनीवर टेकत नव्हत्या. मी वाट बघितली की फळी आता खाली जाईल, पण ती गेली नाही. मी पेन तसंच धरून बसले आणि पंख्याच्या घरघरीत दुसरा कुठला आवाज मिसळलाय का ते ऐकत राहिले. काही वेळानं माझी बाजू हळूच खाली आली, कुणीतरी उठताना शेजारणीला धक्का लागू नये म्हणून जपावं तशी.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. उन्हानं लाकूड आकसतं, खिळे सरकतात, हे मला शिकवलेलं आहे. तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझी सगळी जाडजूड पुस्तकं पिशवीत भरली आणि ती पिशवी तमन्नाच्या बाजूला ठेवली. माझी बाजू तसूभरही हलली नाही. म्हणजे काल तिथं जे काही होतं ते या पिशवीपेक्षा बरंच जड होतं. प्रयोग करायलाच नको होता असं मला तेव्हा वाटलं.

पिशवी उचलली आणि स्कार्फ नीट करायला हात लावला. खिडकी लांब होती, ऊन तिथवर येत नव्हतं. तरी स्कार्फ मधोमध कोमट होता. आपण कुणाच्या तरी उठल्या जागेवर लगेच बसतो तेव्हा लागते तशी ती ऊब होती. मला शिसारी आली. तरी मी तो पुन्हा घडी करून तिथंच ठेवला, कारण जागा धरायची होती.

४

चंदना यायची बंद झाली. मला वाटलं, जिंकले. पाण्याच्या टाकीपाशी भेटली तेव्हा मी मुद्दाम खोडी काढली.

"काय गं, जागा नको व्हय आता?"

"आली की तुझी मैत्रीण. मग कशाला इचारू?"

"कुठं आलीया? ती आजऱ्यात हाय."

"डोळं फुटल्यात काय तुझं? तुझ्या शेजारीच बसलेली असतीया की." चंदनानं बाटलीचं झाकण लावलं. "पर तिला वळण न्हाय बघ काय. पेन मागितलं तर ढिम्म. सदा तुझ्याकडं तोंड करून बसतीया. पुस्तक समोर, आन् ही बघतीया तुझ्याकडं."

माझी चेष्टा केल्याचा सूड घेतेय, असं मी स्वतःला समजावलं. चंदनाला सूड घेता येतो, पण थापा मारता येत नाहीत हेही मला माहीत होतं.

त्याच दिवशी जोतीराम मामा गरजले. ते लांबडीचे शिपाई. हा माणूस जन्मताच दाईवर ओरडला असणार. दारातल्या खुर्चीवरून त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं.

"ए मगदूम, तुझ्या मैत्रिणीला सांग, पाय खाली सोडून बस म्हणावं. देवळाचा कट्टा हाय व्हय ह्यो?"

सगळ्यांनी माझ्या शेजारी बघितलं आणि नाकं मुरडली. मीही बघितलं. स्कार्फ तिथं होता, पण आता तो चपटा झाला होता. आणि फळीच्या कडेला, जिथं कुणाचा हात फिरत नाही तिथं साचलेल्या धुळीत, पायाच्या बोटांचे ठसे होते. ती बोटं पुढच्या टेबलाच्या दिशेनं नव्हती, माझ्या दिशेनं होती.

मला भीती वाटली. उठून पळावंसं वाटलं. पण उठले असते तर दोन्ही जागा गेल्या असत्या, आणि एक जागा माझी नव्हती, ती सांभाळायचा मी शब्द दिला होता. मी डावीकडे न बघता संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. एक अक्षरही वाचलं नाही.

५

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तमन्नाला फोन लावला. ती कुठं आहे हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आजऱ्यातच हाय की. कुठं जाणार? अब्बा बरं हायत आता." तिचा आवाज बारीक येत होता. नेहमी तिचा फोन कानापासून लांब धरावा लागतो. "आदे, एक सांगू काय? हसू नको."

"सांग की."

"अम्मी माझं ताट मांडायला इसरायला लागलीया. पयल्यांदा मला वाटलं दगदग हाय, चुकून झालं आसंल. आज पावणं आलेलं. सगळ्यांना चहा दिला, मला न्हाय. मी समोरच बसलोय. म्हटलं, अम्मी, मला? तर अशी दचकली बघ. म्हणती, तू कवा आलीस?"

मी हसले नाही. मी इथं दिवसभर सांगत होते की ती बसलीय, आणि ते कुणीतरी खरं मानलं होतं. लांबडीतल्या मुलींनी मानलं होतं, मामांनी मानलं होतं आणि आता आजऱ्यातल्या तिच्या घरानंही मानायला सुरुवात केली होती. असा विचार करणं मूर्खपणा आहे, हे मी त्याच क्षणी स्वतःला सांगितलं. मग जागची उठले आणि जिना चढून परत वर गेले. वर्ष गेलं तर गेलं, काजू कारखान्यात का होईना, ती असायला हवी होती.

मी सगळ्यांदेखत स्कार्फ उचलून माझ्या पिशवीत कोंबला आणि चंदनाच्या बाकापाशी गेले.

"जा, बस जा तिथं. मोकळी केली जागा."

चंदनानं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तिचं तोंड कडू झालं.

"येड लागलं काय गं? तिच्या मांडीवर जाऊन बसू व्हय?"

"कोण न्हाय तिथं. मी खोटं सांगत होते. जागा धराय."

हे मी जरा मोठ्यानंच बोलले. लांबडीतल्या सगळ्या माना वर झाल्या. त्या माना आधी बाकाकडे वळल्या, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल नुसता तिटकारा होता. जिवंत माणसाला समोर बसवून ते नाही म्हणणारी मुलगी मी असते तर मलाही माझा तिटकारा आला असता.

"तुमची भांडणं भाईर," मामा म्हणाले. "तिला कशाला घालवतीस? ती बिचारी गप बसलीया."

शब्द देऊन जागा भरायची पद्धत आहे. दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

६

येते म्हणून रात्री कळवून तमन्ना दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली आणि थेट कॉलेजात आली. मी पोर्चमध्ये तिची वाट बघत थांबले होते. शेजारी एका जोडप्याचे फोटो चालले होते. तमन्ना आली ती नवरीच्या अगदी समोर उभी राहिली, तरी फोटोग्राफर मलाच म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा की." तिला काही बोलला नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिची नजर जिन्यावर होती.

"आपण दुसरीकडं बसू," मी म्हणाले. "खोलीवर बसू. कानात बोळं घालू. पर वर नको."

"घरात मला कोण इचारत न्हाय," ती म्हणाली. "हितं तरी माझी जागा हाय न्हवं? तूच धरलीस की. मग आता नको कशाला म्हणतीस?"

ती पुढे झाली, मी मागे. जिना करकरत होता. मी थांबले की करकर थांबायची. ती पुढे चढतच होती.

लांबडीत शिरताच ती आमच्या बाकापाशी गेली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मोकळीच हाय की गं," ती म्हणाली आणि तिनं खांद्यावरची पिशवी उतरवली. मी तिचा हात धरायला माझ्या बाजूनं पुढे झाले.

"ए, कोण गं तू?" मामा दारातून ओरडले. "इचारल्याबिगर बसायचं न्हाय हितं. शेजारणीला इचार."

तमन्नाला वाटलं, मामा थट्टा करतायत. तीन वर्षं ते तिला रोज झापत आले होते. तिनं माझ्याकडे वळून नाटकी आवाजात विचारलं, "हितं कोण हाय?"

सगळी लांबडी माझ्याकडे बघत होती. कोण न्हाय, बस, एवढंच म्हणायचं होतं. तिनं स्वतः विचारलं होतं, आता तरी शब्द फिरेल असं मला वाटलं. मी तोंड उघडलं आणि त्या जागेकडे बघितलं, आणि या वेळी मला दिसलं.

गुडघे पोटाशी घेऊन ते बसलं होतं. माझ्या पिशवीत असलेला हिरवा स्कार्फ त्याच्या तोंडाभोवती होता, गाडीवर बांधतात तसा, डोळ्यांपुरती फट ठेवून. त्या फटीतून ते माझ्याकडे बघत होतं. आणि त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते, लहान मुलाला मांडीवर घेताना पसरतात तसे, तमन्ना बसेल नेमक्या त्या उंचीवर. तमन्ना हसत हसत वाकली होती.

"बसू नको," मी किंचाळले. "बसलंय!"

तमन्ना सरळ झाली. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच खरा निघाला होता आणि तिला ते कळायला काही मार्ग नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"ऐकलंस न्हवं? चल, निघ," मामा म्हणाले.

तिनं पिशवी उचलली आणि ती दाराबाहेर गेली. मी पिशवी, पुस्तकं सगळं तिथंच टाकून तिच्या मागे धावले. जिना माझ्या पायांखाली ठणाणा करत होता, खालून दुसरा कसलाच आवाज येत नव्हता. पोर्चमध्ये जोडपं होतं, फोटोग्राफर होता.

"आत्ता एक मुलगी खाली उतरली ती कुठं गेली?"

"न्हाय ताई. तुम्हीच आलाय की."

मी फाटकापर्यंत जाऊन आले. मग परत वर आले, लांबडीच्या दाराबाहेर उभी राहिले आणि तिचा नंबर लावला. रिंग माझ्या कानात वाजली आणि आत, आमच्या बाकापाशी वाजली.

"ए मगदूम," मामा आतल्या बाजूला बघत म्हणाले, "मैत्रिणीला सांग, फोन बंद ठिव."

मी दाराबाहेर, त्यांच्या पाठीमागे होते. ते माझ्या जागेकडे बघून बोलत होते.

फोन उचलला गेला. पलीकडून कुणी बोललं नाही, नुसती पंख्यांची घरघर ऐकू आली. दारातून मला चंदना दिसत होती. ती पुस्तकं छातीशी धरून आमच्या बाकाकडे आली आणि माझ्या बाजूला, मी उठून गेलेल्या जागेपाशी थांबली.

"हितं कोण हाय?" तिनं विचारलं.

उत्तर माझ्या कानात आलं, तमन्नाच्या आवाजात, अगदी मोकळ्या, ठणठणीत.

"बसलंय."

चंदनानं मान डोलावली आणि ती पुढच्या बाकाकडे गेली. फळीची माझी बाजू हळूहळू खाली गेली.